चार जणांनी चार आकडे सांगितले, मग हवा नेमकी किती ठेवायची?

भाऊ, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे घोळ होणार नाही. पेट्रोल हॅचबॅक आहे, टायर १८५/६५ आर १५. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दोन-तीन माणसं असतील तर चारही चाकांना ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि फुल लोडला पुढे ३३, मागे ३८ असं लिहिलेलं आहे. पण पंपावरचा पोरगा न विचारता ३५ टाकतो, सर्व्हिस सेंटरवाले ३० करून देतात, आणि तुमचे साळेसाहेब म्हणतात की नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू आहे, २८ च्या वर जाऊच नका, नाही तर समृद्धी महामार्गावर टायर फुटते का नाही पाहा. आणि याच आठवड्यात पाच जण आणि सामान घेऊन तुम्हाला शिर्डीला जायचं आहे. शिवाय साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, हेही विचारलं आहे.

मी नागपुरात टायर आणि अलाइनमेंटचं दुकान २२ वर्षांपासून चालवून राहिलो. सरळ उत्तर असं की स्टिकर बरोबर आहे, बाकी तिघं चूक आहेत, आणि त्यातही सगळ्यात महाग पडणारी चूक साळेसाहेबांची आहे. पण त्यांच्यावर हसू नका, कारण हाच सल्ला मी स्वतः लोकांना दिलेला आहे.

दुकान टाकलं त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात एक काका भर दुपारी आले, वर्धा रोडनं बुटीबोरीहून थेट, गेज लावलं तर ३९. मी घाबरलो, आणि ऐटीत चारही चाकांची हवा सोडून ३० वर आणली, वरून 'काका, उन्हाळ्यात एवढीच ठेवत जा' असं ज्ञानही दिलं. दिवाळीच्या आधी काका परत आले तेव्हा चारही टायरचे दोन्ही काठ गुळगुळीत झालेले आणि मधली नक्षी मात्र ठणठणीत. ते ३९ गरम टायरचं रीडिंग होतं. रात्रभर गाडी उभी राहिली असती तर तेच ३३ च्या आसपास आलं असतं, म्हणजे हवा बरोबर होती. आणि मी जी ३० करून दिली ती दुसऱ्या दिवशी सकाळी २५ झाली असणार. काका काही बोलले नाहीत, नवे टायर घेतले, अलाइनमेंटचे पैसे मी मागितले नाहीत. पण तेव्हापासून गरम टायरची हवा मी सोडत नाही आणि कोणाला सोडूही देत नाही.

टायर उन्हानं फुटत नाही, वाकण्यानं फुटतो. एखादी लोखंडी तार तोडायची असली की आपण ती इकडून तिकडे वाकवत बसतो, आणि तुटायच्या जरा आधी वाकलेल्या जागी हात लावला तर चटका बसतो. टायरच्या साइडवॉलचं, म्हणजे बाजूच्या भिंतीचं, तसंच होतं. जमिनीला टेकला की दबतो, वर गेला की सरळ होतो, प्रत्येक फेऱ्याला एकदा. तुमच्या साइजचा टायर १२० च्या स्पीडला सेकंदाला १७ फेरे मारतो. हवा कमी असली की प्रत्येक वेळी जास्त दबतो, जास्त तापतो, आणि आतल्या दोऱ्याचं आणि रबराचं जे चिकटलेपण असतं ते सुटायला लागतं. अगदीच कमी हवा आणि अगदीच जास्त स्पीड असला तर दबलेला भाग पूर्ण सरळ व्हायच्या आत पुन्हा जमिनीवर येतो, टायरवर लाटा उठतात, आणि मग काही मिनिटांचाच खेळ उरतो. वरचं ऊन यात भर घालतं, ते नाही म्हणत नाही मी, पण म्हणून हवा काढणं म्हणजे ताप आला म्हणून आणखी एक ब्लँकेट अंगावर घेणं.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. गाडीचं वजन टायर उचलत नाही, टायरातली हवा उचलते. ३३ पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. एका चाकावर ३०० किलो आले तर जमिनीला टेकलेला भाग होतो १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास एक पोस्टकार्ड. अख्खी गाडी अशा चार पोस्टकार्डांवर उभी असते. मागे तीन माणसं आणि डिकीत बॅगा टाकल्या की वजन वाढलं, आता एक तर पोस्टकार्ड मोठं होईल, म्हणजे टायर आणखी चपटा होईल, नाही तर हवा वाढवा. म्हणून स्टिकरवर मागे ३८ लिहिलेलं आहे, कंपनीला आकडे लिहायची हौस नव्हती. टायरवर साइजच्या पुढे ८८ असा लोड इंडेक्स असेल तर एक टायर ५६० किलो उचलतो, पण त्या वजनाला लागते तेवढी हवा भरलेली असली तरच. २८ वर तो तेवढा उचलत नाही, लिहिलेलं काहीही असो.

स्टिकर बहुतेक गाड्यांना ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतं, काहींना पेट्रोलच्या झाकणाच्या आतून. टायरच्या साइडवॉलवर बारीक अक्षरात जे ४४ किंवा ५१ पीएसआय लिहिलेलं असतं ते पाहून हवा भरू नका, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीचा आकडा नाही. हां, पण एक दिलासा त्यातून घ्या: ती मर्यादासुद्धा थंड हवेचीच आहे. चालल्यावर प्रेशर वाढणार हे टायर बनवणाऱ्याला माहीतच असतं. त्यामुळे दुपारी गेजवर ३९ दिसलं तर टायर काही फटाक्यासारखा उडत नाही.

आता 'थंड' म्हणजे काय, कारण सगळा गोंधळ इथंच आहे. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी आहे आणि तिच्यावर ऊन नाही. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी दोन वाजता थंड टायर नावाची गोष्ट अस्तित्वातच नसते. माझ्या घराचं तोंड पूर्वेला आहे, सकाळी आठ वाजता उन्हाकडच्या दोन चाकांत सावलीच्या चाकांपेक्षा दोन पीएसआय जास्त दिसतात, गाडी जागची हललेलीसुद्धा नसते. तर वेळ म्हणजे पहाटे साडेपाच-सहा, फिरायला निघायच्या आधी, गेटच्या आतच. आणि गेज स्वतःचं. हवेच्या पंपाचं नाही, शेजाऱ्याचं नाही.

गेजवर जरा बोलतो. एकदा दुकानात बसल्या बसल्या एकाच टायरला पाच गेज लावून पाहिले, पाच आकडे आले, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात चारचा फरक. पंपावरची गेजं दिवसभर आपटतात, पाईप ओढला जातो, पोरं त्याला पकडूनच चाकाभोवती फिरतात, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार. २०२४ च्या मे अखेरीस आपल्या नागपुरात एका ऑटोमॅटिक केंद्रानं ५६ डिग्री दाखवली होती आठवते का, अख्ख्या देशात बोंब झाली, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला. तर बापा, सरकारी सेन्सर बिघडू शकतो तर पंपावरचं गेज काहून नाही बिघडणार. एक साधं गेज घ्या, ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, आणि जो आकडा दाखवतं त्यावरच सगळा हिशोब करा. ते एक-दीडनं चुकत असलं तरी रोज तेवढंच चुकतं, त्यामुळे फार बिघडत नाही.

आता खरी युक्ती, जी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि दहातले दोघं करतात. पंपावर आकडा घेऊन जाऊ नका, फरक घेऊन जा. समजा पहाटे घरी मोजलं, पुढचं डावं २९ निघालं, पाहिजे ३३, म्हणजे कमी चार. चारही चाकांचा असा फरक कागदावर किंवा मोबाइलवर लिहून ठेवा. मग तुम्ही पंपावर पोचेपर्यंत टायर गरम झाला, तुमचं गेज पुन्हा लावलं तर आता ३२ दाखवतं. पोरगा म्हणेल 'काका, ३२ तर आहे, एकच टाकतो.' नाही. ३२ मध्ये चार घालून ३६ करायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे मोजाल तर ३३ च्या आसपास सापडेल, पावएक इकडेतिकडे. या पद्धतीत टायर किती गरम आहे, पंप दोन किलोमीटरवर आहे की दहा, पंपाचं मशीन चूक आहे की बरोबर, कशानंच फरक पडत नाही, कारण दोन्ही वेळा गेज तुमचं आणि मोजता तो फक्त फरक. ज्याला एवढाही कुटाणा नको त्यानं सिगारेट लायटरवर चालणारा छोटा इन्फ्लेटर (हवा भरायचं मशीन) घ्यावा आणि पहाटे घरीच भरावी, सोपं काम. पंपावरची हवा मात्र फुकट असते, पैसे मागितले तर देऊ नका. पोराला खुशीनं दहा रुपये दिले ती गोष्ट वेगळी.

ऋतूचा हिशोब लोक उलटा करतात. साधारण दर १० डिग्रीला दीड-दोन पीएसआय पकडा. मे महिन्यात आपल्याकडे पहाटेसुद्धा ३० च्या आसपास असते, डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० वर येते. म्हणजे मे महिन्यात पहाटे ३३ भरलेली हवा, एक कणही लीक न होता, थंडीत ३० दाखवणार. त्यात महिन्याला एखादा पीएसआय तसाही जातो, टायर कितीही चांगला असला तरी. म्हणजे उन्हाळ्यात भरून विसरलेली गाडी नाताळात पेंचला निघते तेव्हा २३-२४ वर असते, आणि मालक म्हणतो गाडी अचानक ॲव्हरेज देऊन नाही राहिली. म्हणून हवा कमी करायची वेळ उन्हाळ्यात नाही, आणि वाढवायची वेळ आलीच तर ती दिवाळीनंतर येते. पहाटे मोजून स्टिकरएवढी ठेवत राहिलात तर ऋतूचा विचारच करावा लागत नाही, तो हिशोब आपोआप होतो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ झालं होतं, त्या दिवशीही दुकानात आलेल्या गाड्यांना हाच नियम लावला होता.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर डिकीत ६०-७० किलोचा सिलिंडर कायमचा बसलेला आहे, म्हणजे एक माणूस कधी उतरतच नाही. अशा गाडीला मागे हलक्या लोडचा आकडा लावूच नका, दोन-तीन जास्त ठेवा. टायरची साइज बदलली असेल तर लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी तर नाही ना एवढं पाहा, आणि 'एक्सएल' (जास्त वजनासाठी बनवलेला) लिहिलेला टायर घेतला असेल तर त्याला तेच वजन उचलायला जरा जास्त हवा लागते, हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

पस्तीसवाल्या पोराचं काय? हलक्या गाडीत ३२ च्या जागी ३५ म्हणजे फार मोठं पाप नाही, पण सिमेंट रोडच्या जोडांवर गाडी ठकठक करते, ब्रेकिंगला पोस्टकार्ड लहान होतं आणि टायर मधून झिजतो. सर्व्हिस सेंटरच्या ३० चं म्हणाल तर तिथं येणाऱ्या सगळ्या मॉडेलना एकच आकडा लावून मोकळे होतात, तेही गाडी धुवून-फिरवून झाल्यावर गरम टायरला. म्हणजे पहाटे २७-२८. आपल्याकडे सिमेंट रोडच्या कडेला जी तीन-चार इंचांची पायरी असते ना, तिच्यावरून २७ च्या हवेनं उतरलं की साइडवॉल रिममध्ये चेपतो, आतले दोरे तुटतात आणि आठ दिवसांनी बाजूला फुगा येतो. तो टायर मग गेला, त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही. पावसाळ्यात तर कमी हवा आणखी वाईट. विमानांच्या टायरवर काम करताना नासाच्या लोकांनी १९६० च्या दशकात एक ढोबळ सूत्र काढलं होतं की साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या स्पीडला तरंगायला लागतो ते हवेच्या प्रेशरच्या वर्गमुळावर ठरतं. त्यानं ३३ ला ताशी साधारण ९५ किलोमीटर येतो आणि २४ ला ८१. कारच्या टायरला नक्षी असते, त्यामुळे आकडे तंतोतंत लागू नाहीत, पण हवा कमी झाली की आकडा कोणत्या बाजूला जातो ते दिसतं.

नायट्रोजन विचारलं होतं तुम्ही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरा, ओलावा कमी असतो एवढा फायदा आहे, पण 'नायट्रोजन आहे म्हणून तीन महिने पाहिलंच नाही' म्हणणारे लोक माझ्याकडे जास्त येतात. आणि डॅशबोर्डवरच्या टायर लाइटवर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांत ती जवळपास पाव हवा गेल्यावर लागते, म्हणजे ३३ चे २५ होईपर्यंत गप्प.

आता तुमची शिर्डी. समृद्धीनं नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, सलग सिमेंटचा रस्ता, कारला १२० ची मर्यादा. आदल्या दिवशी पहाटे मोजा, फरक काढा आणि फुल लोडप्रमाणे पुढे ३३, मागे ३८ करून घ्या. मोजताना प्रत्येक चाकाच्या निपलवर थुंकीचं बोट लावा, बुडबुडा आला तर आतली पिन गळते आहे, ती स्वस्तात बदलून मिळते, आणि प्लास्टिकची टोपी हरवली असेल तर लावून घ्या. टायरवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटचे चार अंक पाहा, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत असो, एवढ्या जुन्या टायरवर मी स्वतः मे महिन्यात १२० नं जाणार नाही. नक्षीच्या खाचेत जे छोटे उंचवटे असतात त्यांच्या बरोबरीला रबर आलं असेल तर १.६ मिलिमीटर उरलं, टायर संपला.

पहाटे पाचला शिवमडक्याहून, म्हणजे समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाहून, चढा. तासा-दीड तासानं पहिला थांबा घ्याल तेव्हा पोरं चहा-पोहे मागेपर्यंत चारही चाकांना गेज लावा. पुढे ३७-३८ आणि मागे ४२-४३ दिसेल, घाबरू नका, थंडपेक्षा चार-पाच वाढणं बरोबर आहे, दुपारी आणखी एक-दोन वाढतील. पण समजा एखाद्या चाकात आठ-नऊ वाढले, किंवा तीन चाकं चार-चारनं वाढली आणि एक सातनं, तर ते चाक जास्त वाकून राहिलं. तिथं माणसाचा हात आपोआप हवा सोडायला जातो, आणि नेमकं तेच करायचं नाही. त्याला वजनाच्या मानानं हवा कमी पडते आहे, म्हणून ते तापलं. एक तर दोन-तीन पीएसआय वाढवा, नाही तर सामान हलवा, आणि तोवर ८०-९० नं चाला. खिळा रुतलेला दिसला तर पुढच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळू जा, तिथंच ओढून काढायच्या भानगडीत पडू नका.

बाकी वर्षभरासाठी टायरची नक्षीच सांगते तुमचा आकडा जमला की नाही. आठ-दहा हजार किलोमीटरनंतर नक्षीची खोली तीन ठिकाणी मोजा, दोन काठ आणि मधला भाग. मधून जास्त झिजला तर एक-दोन कमी करा, दोन्ही काठ सारखे झिजले तर एक-दोन वाढवा. फक्त पुढच्या टायरवर एकदम निकाल देऊ नका, गल्लीबोळात वळून वळून पुढच्यांचे काठ थोडे झिजतातच, महाल-इतवारीत राहणाऱ्यांचे तर हमखास. मागचे टायर खरं बोलतात. आणि एकाच बाजूचा काठ गेला असेल तर तो हवेचा दोष नाही, अलाइनमेंटला या.

स्टेपनी राहिलीच. मागच्या महिन्यात एका गाडीची स्टेपनी काढली तर ११ पीएसआय, मालकानं चार वर्षांत झाकण उघडलं नव्हतं. तिच्यात फुल लोडच्या मोठ्या आकड्याएवढी, म्हणजे तुमच्या गाडीत ३८ ठेवा, लागली तर कमी करता येते. बारीक पिवळ्या पट्टीवाली तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावरच ६० पीएसआय आणि ८० ची स्पीड लिहिलेली असते, तेवढंच. आणि शिर्डीहून परत आलात, सामान उतरलं, की दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी न हलवता, मागची हवा परत ३२ वर आणा. त्याच संध्याकाळी नाही.